काकांचा ॲम्प्लिफायर आणि हरवलेला खर्ज

डोळ्ळू कुणिताचं पथक गल्लीतून जातं तेव्हा आधी छाती हलते आणि मग कानाला कळतं. गणपतीच्या मिरवणुकीतला ढोल, भजनातला पखवाज, तबल्याच्या डग्ग्याची घुमारी, सगळ्यांचं तेच. आपल्या सीमाभागातल्या माणसाला खर्जाची गोडी उपजतच आहे असं मला वाटतं. तरीही ऑर्केस्ट्राला गेल्यावर चार जाड तारांची गिटार घेऊन कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाकडे कुणी ढुंकून बघत नाही. गायकाला टाळ्या, ढोलकीवाल्याला वन्समोअर. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास गिटार वाजवत, हे गाणी तोंडपाठ असणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं? बासवाला वाजवायचा थांबला तर मात्र गाण्याखालची जमीन सरकते, आणि काय गेलं ते कुणालाच नेमकं सांगता येत नाही.

अशाच एका बासवाल्याची आणि त्याच्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरची ही हकिकत आहे. बासवाला म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. मूळचे वडगावचे, विणकराच्या घरातले. घरात कन्नड, गल्लीत मराठी. १९७४ साली ते सुरतेला गेले आणि तिथलेच झाले.

सुरत म्हटलं की आपल्याला १६६४ आणि १६७० या दोन सालांपलीकडे फारसं काही आठवत नाही. पण उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत जाऊन बघा. उधन्याहून नंदुरबारमार्गे जळगावला जाणाऱ्या रेल्वेने खानदेशातली गावंच्या गावं तिथे आणून वसवली आहेत. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, गल्लीत अहिराणी ऐकू येते, दुकानात गुजराती. घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी हा प्रकार आपल्याला काही नवा नाही, त्यामुळे मला तरी तिथे परकं वाटत नाही. काकांनी यंत्रमागावर छत्तीस वर्षं काढली. शनिवार-रविवारी मात्र ते ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवायचे. हळदी, गणेशोत्सव, शिवजयंती, मिळेल तिथे. १९८१ मध्ये एका मांडववाल्याकडून त्यांनी जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर विकत घेतला. पंधरा इंची स्पीकर सुताराकडून बनवलेल्या बंद खोक्यात बसवला. हीच त्यांची सगळी दौलत.

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी सुरतेला गेलो तेव्हा हा ॲम्प्लिफायर भंगारात द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. नातू बास गिटार वाजवायला शिकलाय, नवरात्रात गरब्याच्या ग्रुपमध्ये वाजवतोही. त्याचं म्हणणं, यात बास नाहीच, नुसती टणटण. काकांचं म्हणणं वेगळं. "मास्तर, आवाज मेलाय बघ ह्याचा. तार वाजली की नाही तेच कळंना." दोन वर्षं त्यांनी गिटारला हात लावला नव्हता.

मी अर्थशास्त्राचा मास्तर. पण वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि शाळेतून आल्यावर दप्तर टाकून मी तिथेच बसायचो. व्हॉल्व्हच्या सेटचा तो तापलेल्या मेणाचा आणि धुळीचा वास मला अजून ओळखता येतो. म्हणून म्हटलं, भंगारवाल्याला जरा थांबवा.

आता थोडं यंत्राविषयी. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. आतली तार तापते, इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, आणि मधल्या जाळीला दिलेला लहानसा विद्युत संदेश त्यांचा मोठा प्रवाह आवरतो किंवा सोडतो. कालव्याच्या दारासारखं. लंडनमध्ये फ्लेमिंग यांनी १९०४ साली दोन टोकांचा व्हॉल्व्ह केला, १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात ही जाळी घातली. पुढची निम्मी शतकभर जगाचं रेडिओ, टेलिफोन आणि सिनेमा त्यावर चालले. कर्नाटकच्या वाचकांनी अभिमान बाळगावा अशी गोष्ट म्हणजे १९५४ साली स्थापन झालेल्या बेंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने, म्हणजे बीईएलने, १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह आपल्याच देशात बनवले. वडिलांच्या दुकानात त्या खोक्यांची चळतच असायची. काकांच्या ॲम्प्लिफायरमध्येही पुढच्या टप्प्यांचे ईसीसी ८३ व्हॉल्व्ह बीईएलचेच निघाले. शेवटी ताकद देणारे ईएल ३४ दोन, आणि विजेचं रूपांतर करणारा जीझेड ३४.

बास गिटारसाठी खास ॲम्प्लिफायर हा अमेरिकेतला प्रकार. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बास गिटार बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी 'बासमन' नावाचा ॲम्प्लिफायर. गंमत अशी की तो बासपेक्षा साध्या गिटारवाल्यांनाच जास्त आवडला, इतका की १९६२ साली लंडनच्या जिम मार्शल यांनी आपला पहिला ॲम्प्लिफायर त्याच्यावर बेतला. आपल्याकडे असलं काही परवडण्याचा प्रश्नच नव्हता. लग्नमांडवात भोंग्याला जोडलेला जो ॲम्प्लिफायर असे, त्यातच गिटारची पिन खोचायची. काकांचा ॲम्प्लिफायर त्याच जातीचा, स्थानिक कारागिराने जुळवलेला.

आणि इथेच नातवाच्या तक्रारीचं उत्तर होतं. भोंग्याचा ॲम्प्लिफायर भाषणासाठी आणि घोषणांसाठी बनवतात. माणसाचं बोलणं समजायला खर्जाची फारशी गरज नसते. शिवाय भोंग्याच्या युनिटमधला पातळ पडदा खर्जाचा मारा सहन करत नाही, फाटतो. म्हणून बनवणारा मुद्दाम खर्ज कापून टाकतो. बास गिटारची सर्वात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, पुढच्या ५५, ७३ आणि ९८ वेळा. काकांच्या ॲम्प्लिफायरमध्ये शेवटच्या व्हॉल्व्हकडे आवाज पोहोचवणारे जे दोन कपॅसिटर होते, ते होते ४.७ नॅनोफॅरडचे, आणि पुढचा रेझिस्टर २ लाख २० हजार ओहमचा. ही जोडी साधारण १५४ कंपनांच्या खालचं सगळं गाळायला लागते. जाड तारेचा मूळ स्वर तिथून पार होताना शंभरातला जेमतेम पंचवीस उरतो. मग ऑर्केस्ट्रात इतकी वर्षं चाललं कसं? आपला कान फार चतुर आहे. मूळ स्वर गायब असला तरी त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे उपस्वर ऐकून मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. लहान ट्रान्झिस्टरवर आपण गाण्यातला बास 'ऐकतो' तो असाच. मोठ्या खोक्यावरचा गरबा ऐकून वाढलेल्या नातवाला मात्र मनाने भरलेला खर्ज चालणार नव्हता.

सुटे भाग मी नंतर बेंगळूरच्या एस. पी. रोडवरून आणले आणि नाताळच्या सुट्टीत पुन्हा सुरत गाठली. पण सुधारणा करण्याआधी दुरुस्ती हा वडिलांचा नियम. आजारी माणसाला आधी बरं करायचं, मग त्याला तालमीत पाठवायचं. मोठे कपॅसिटर वाळून गेले होते, त्यामुळे घूं असा एकसारखा आवाज येत होता. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सरळ केल्यावर ही गुणगुण १०० हर्ट्झची होते, आणि ती नेमकी बासच्या स्वरांत मिसळते. ते बदलले. कुणीतरी नातवाला सांगितलं होतं की तिथे दहापट मोठे टाका, बास घट्ट होईल. ट्रान्झिस्टरच्या सेटमध्ये एक वेळ चालेल, पण जीझेड ३४ ला पहिला कपॅसिटर ६० मायक्रोफॅरडच्या वर झेपत नाही, चालू करतानाच्या धक्क्याने तो लवकर मरतो. म्हणून ४७ वर थांबलो.

वाचकांपैकी कुणाला असलं काही उघडायची हौस असेल तर इथे जरा दटावून सांगतो. या पेटीत सव्वाचारशे व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतात. रेझिस्टर लावून ते रिकामे करावे, मीटरने खात्री करावी, आणि तपासताना एक हात खिशात ठेवावा, म्हणजे विजेला छातीतून जायला वाट मिळत नाही. ज्याला यातलं काही माहीत नाही त्याने झाकण उघडूच नये. आणि स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर कधीही वाजवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळायची भीती असते.

मग खरा बदल. ते ४.७ चे दोन्ही कपॅसिटर काढून २२ नॅनोफॅरडचे टाकले. आता गाळणीची रेषा १५४ वरून ३३ वर आली, आणि जाड तारेचा स्वर शंभरातला अठ्ठ्याहत्तर पोहोचू लागला. नातू म्हणाला, दादा, शंभरचेच टाका ना. टाकले असते तर रेषा ७ वर गेली असती. पण ४१ च्या खाली वाजवायला स्वरच नाही. तिथे असतात फक्त बोटांचे धक्के आणि गिटार आपटल्याची धडधड, आणि सगळी ताकद त्यांनाच वाटली जाते. वर जोरात वाजवलं की मोठा कपॅसिटर भरून बसतो आणि लवकर मोकळा होत नाही, आवाज क्षणभर गुदमरतो. पहिल्या ईसीसी ८३ च्या कॅथोडवर १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता, तिथे २२ चा टाकला. एवढंच. एका वेळी एकच बदल, मग ऐकायचं, मग पुढचा.

एका गोष्टीला हात लावता येत नव्हता. आउटपुट ट्रान्सफॉर्मर. स्वर जितका खालचा तितकं लोखंड जास्त लागतं. कंपनं निम्मी झाली की त्याच आवाजाला लोखंडावर दुप्पट भार येतो. भाषणासाठी गुंडाळलेला तो ट्रान्सफॉर्मर जाड तारेला पूर्ण ताकद कधीच देणार नाही. मध्यम आवाजात छान, पूर्ण फिरवला की स्वर चिरडतो. मैदानासाठी नातवाला दुसरा ॲम्प्लिफायर घ्यावाच लागेल, हे मी त्याला तेव्हाच सांगून टाकलं.

संध्याकाळी नातवाने वाजवलं. घरातली भांडी हलली. शेजारची खानदेशी मंडळी दारात आली. नातू म्हणाला, "सरस!" काका खुर्चीत बसून ऐकत होते. सुरुवातीला आवाज वाढवताना ते कन्नडमध्ये "इन्नू स्वल्प, इन्नू स्वल्प" म्हणत होते, आणखी थोडा. मग गिटार स्वतःकडे घेतली, दोन-चार पट्ट्या वाजवल्या आणि बाजूला ठेवली. "घुमतंय खरं. पण तार कुठं वाजत्या? ब्लँकेट घातल्यागत वाटतंय." उठून त्यांनी ट्रेबलचा खटका शेवटपर्यंत फिरवला. आमच्या दातांना कळ आली. त्यांच्या चेहऱ्यावर काही नाही.

मावशीने माझ्याकडे बघितलं. तिला हे आधीपासून माहीत होतं. टीव्हीचा आवाज, फोनवरचं "काय? काय?", धाकट्या नातीचं बोलणं न समजणं. "सांगणार कोण त्यांना?" एवढंच ती म्हणाली.

यंत्रमागाचा आवाज वडगाव-खासबागच्या किंवा इचलकरंजीच्या वाचकांना सांगायला नको. धोटा इकडून तिकडे आपटणारा जुना माग शंभर डेसिबलच्या आसपास आवाज करतो, आणि एका शेडमध्ये असे कितीतरी. आठ तासांच्या पाळीला ९० ही आपल्याकडची मर्यादा मानली गेली. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आवाजाने येणारं बहिरेपण कळवण्याजोगा आजार म्हणून नोंदलेलं होतं. छोट्या शेडमध्ये हे कुणी कुणाला कळवलं असेल, तुम्हीच विचार करा. हे बहिरेपण सगळ्या स्वरांना सारखं खात नाही. आतल्या कानातल्या ज्या सूक्ष्म केसपेशी साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज घेतात त्या आधी मरतात, आणि मेलेली केसपेशी पुन्हा येत नाही. खर्ज शाबूत राहतो. म्हणून माणसाला वाटतं, मला तर ऐकू येतं, लोकच पुटपुटतात. स, श, फ ही अक्षरं गळतात. आणि बास गिटारमध्ये काय गळतं? बोटाने तार सोडल्याचा 'टक', तार पट्टीवर आपटल्याची धार. स्वर राहतो, पण तो सुरू कधी झाला ते कळत नाही. काका म्हणत होते तेच. ब्लँकेट.

दुसऱ्या दिवशी त्यांना कानाच्या तपासणीला नेलं. तिथे नेणं सोपं गेलं नाही, तो भाग सोडतो. तपासणीचा आलेख हजारापर्यंत बऱ्यापैकी सपाट, आणि चार हजारापाशी खड्डा. पुढे वयाची उतरण होतीच. घरी आल्यावर मी तो कागद आणि ॲम्प्लिफायरचा मी काढलेला नकाशा शेजारी शेजारी ठेवला. ह्यात खालचं कापलं जात होतं, आणि इथे वरचं कापलं जातंय, असं सांगितलं. काका बराच वेळ दोन्ही कागदांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे माझ्यातबी कोणतरी कपॅसिटर बसीवलाय म्हण की." मावशी हसली, आणि हसता हसता आत निघून गेली.

कानातलं बदलता येत नाही. ट्रेबल वाढवून उपयोग नव्हता, जिथे पेशीच नाहीत तिथे कितीही ओतलं तरी रिकामंच. पण पाचशे ते हजारच्या दरम्यान काकांना चांगलं ऐकू येत होतं, आणि बासचे बरेच उपस्वर तिथेही असतात. तोच भाग पुढे आणायचा, म्हणजे खालचा जरा मागे घ्यायचा. त्यासाठी पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडवर मी एक लहान स्विच बसवला. एका बाजूला २२ मायक्रोफॅरड, दुसऱ्या बाजूला फक्त ०.६८. लहान कपॅसिटरवर खालच्या स्वरांचं वर्धन निम्म्याच्या आसपास येतं, मधले तसेच राहतात, आणि तार बोलायला लागते. ही जागा निवडायचं दुसरं कारण, कॅथोडवर एक-दोन व्होल्टच असतात, त्यामुळे स्विचला हात लावणाऱ्याला धोका नाही. स्विच फिरवताना 'टक्क' होऊ नये म्हणून त्याच्या दोन टोकांना एक मोठा रेझिस्टर आडवा लावून टाकला, मोठा कपॅसिटर त्यातून भरलेला राहतो.

काकांनी वाजवलं. जाड तारेवरून वर चढत गेले, परत आले, मग एका जुन्या गाण्याची चाल धरली. मी हळूहळू आवाज वाढवत होतो. मध्येच त्यांनी हात वर केला. "साकु."

आमच्या कानाला हा आवाज जरा नाकातला वाटतो, खरं सांगायचं तर. नातवाला तो मुळीच आवडत नाही. टोन सुधारला म्हणजे काय, यावर त्या दोघांचं आजही जमत नाही, आणि का जमावं? मला इतकंच ठाऊक आहे की दोन वर्षं भिंतीला टेकवलेली गिटार आता रोज संध्याकाळी तासभर वाजते. कानाचं मशीनही घेतलंय. टीव्हीला आणि नातीशी बोलायला लावतात, वाजवताना काढून खिशात ठेवतात.

स्विचवर मी काही लिहिलं नव्हतं. नातवाने मार्करने एका बाजूला 'मी' आणि दुसऱ्या बाजूला 'आजोबा' लिहिलंय. परवा फोनवर काका सांगत होते, पहिला व्हॉल्व्ह कुरकुरायला लागलाय. आता असले व्हॉल्व्ह रशिया, स्लोव्हाकिया, चीन अशा मोजक्या देशांतून येतात. पण वडिलांच्या दुकानातल्या पत्र्याच्या डब्यात बीईएलचे दोन ईसीसी ८३ अजून खोक्यात बंद आहेत. मे महिन्यात जाताना एक घेऊन जाईन.